बाबांच्या खिडक्या आणि भावाची मुलगी

मी, खाली सही करणारी, फोटोंना चौकटी करण्याचा धंदा करून आता घरी बसलेली, वय वर्षे एकाहत्तर, कोणाच्याही दबावाखाली न येता हे लिहून ठेवते. गुडघे गेले आहेत, डोके जाग्यावर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. हे दुमजली घर माझ्या वडिलांचे. ते सुतार होते. घराची एकूण एक खिडकी त्यांनी स्वतःच्या हाताने केली. वरचा मजला धाकट्या भावाच्या वाटणीला आला होता. घर सोडताना त्याने तो माझ्या नावे करून दिला. मी मागितला नव्हता. आता हे सगळे घर मी त्याच्या मुलीला, आमच्या ठकीला, देत आहे.

२. का, ते लिहिणे भाग आहे. ठकी दोन वर्षांची असताना खाईना, पोट धरून बसे, सारखी किरकिर. रक्तात शिसे निघाले. जुन्या रंगात ते असते. खिडकी उघडता-मिटता झडप चौकटीला घासते, रंगाची पूड खाली पडते, आणि ठकी खेळायची तिथेच, बोटे तोंडात घालून. बाबांनी हौसेने दिलेला हिरवा रंग त्यांच्याच नातीच्या पोटात गेला.

भाऊ म्हणाला, "ताई, खिडक्या आजच्या आज काढायच्या."

"काढू नकोस म्हणत नाही रे. आधी पोरीला घेऊन चार दिवस सासुरवाडीला जा. जाणता रंगारी बघू, तो सांगेल तसं करू."

"तुला लाकडाची पडलीय!"

मला दोन्हींची पडली होती. ते त्याला पटेल असे सांगणे मला तेव्हा जमले नाही.

त्याने आपल्या मेहुण्याला बोलावले. हा ठेकेदार. काढण्यापेक्षा रंगच घालवू, असे म्हणून त्याने वरच्या खिडक्या जागेवरच मशीनने सुक्या घासायला घेतल्या. जिन्यात धुरळा उतरला. मी खालून ओरडले, "अहो, पाणी मारा, पोरीला बाहेर न्या!" तो म्हणाला, "ताई, आम्ही रोज करतो हे." पुढच्या तपासणीत ठकीचे शिसे वाढलेले निघाले. भावाने आधी घराला दोष दिला, मग मला, आणि बिऱ्हाड हलवले.

३. पुढे एक रंगारीण भेटली. तिने आणि मी खाली प्लास्टिक अंथरून, तोंड बांधून, रंग ओला करून खरवडला. घासणाऱ्या कडा लाकडापर्यंत मोकळ्या केल्या, बाकीच्या रंगावर नवा रंग चढवून तो बंद केला, ओल्या फडक्याने सगळे पुसले. धूळ तपासून घेतली, निर्धोक निघाली. मी आनंदाने भावाला फोन केला.

"मग हे आधी का नाही केलंस, ताई?"

त्याचा आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरे झाले असते, मीही चार शब्द बोलले असते. त्यानंतर आम्ही लग्नाकार्यापुरते भेटलो.

ठकी हळूहळू सुधारली. आकडे मात्र तिला अजून दगा देतात. शाळेत त्यावरून फार हिणवली गेली. शिशामुळे की कसे, हे डॉक्टरही छातीठोकपणे सांगत नाहीत. आज ती बस चालवते, आणि ऐटीत चालवते. तिला दिवस गेले आहेत.

४. माझी काच कापायची आणि चौकटीची हत्यारे रंगारणीला द्यावीत. भावाच्या मेहुण्याला माझा न वापरलेला मास्क द्यावा, दुसरे काही नाही. बाबांची हत्यारांची पेटी भावाला. त्याने नको म्हटले तरी त्याच्या दारात ठेवून यावे, आत घेईल.

५. ठकीस सूचना. बाळ रांगू लागण्याआधी धूळ पुन्हा तपासून घे. रंगाचा पोपडा दिसला तर सुका खरवडू देऊ नकोस, मग कोणी कितीही शहाणा येवो. बाळाचे रक्त वेळेवर तपास. आणि एवढे करूनही त्यात शिसे दिसले, तर बाळाला दुसरीकडे ठेवून खिडक्या काढून टाक, माझ्यासाठी एक दिवसही थांबू नकोस. त्या जपाव्यात ही माझी इच्छा आहे, अट नाही. आजोबांच्या आत्म्याला काय वाटेल, असे कोणी म्हणालेच, तर सांग, ते असते तर पणतवंडासाठी त्यांनी स्वतःच उपटल्या असत्या.

हे मी वाचून, समजून, दोघांच्या देखत सही केली. त्यांनीही माझ्या देखत केली.

मृत्युपत्र करणारी: (सही) ठकीची आत्या

साक्षीदार:
१. (सही) समोरचे दातांचे डॉक्टर
२. (सही) शेजारची शिंपीण

ठिकाण: राहते घर, पुढची खोली
दिनांक: १२ जून २०१८