सर, मी जंगल पाहिलेलं नव्हतं

सर, तुम्ही गेलात त्याला बरीच वर्षं झाली, पण माझा राग अजून तुमच्यावरच आहे. उद्या शाळेत तुमच्या फोटोचं अनावरण आहे. माजी विद्यार्थी म्हणून मला बोलायला सांगितलंय. गोड आठवणी सांगायला बाकीचे आहेत. मी तुम्हाला भर मंडपात उघडं पाडायला जाणार आहे.

दहावीचा इंग्रजीचा तास. एका आदिवासी कवयित्रीची कविता, आजच्या काळातली. तुम्ही एक ओळ वाचता, मराठी अर्थ सांगता, आम्ही तो पेन्सिलीनं ओळीच्या वर लिहून घेतो. मग तुमची नजर मागच्या बाकावर येते. "ऊठ बे. तू पारधी ना? ही बाई तुमच्यातलीच हाय. सांग वर्गाला, जंगलात राहायला कसं वाटतं." धर्मापुरीकडच्या गायरानात आमची पत्र्याची घरं, भोवती बाभळी आन् लोकांचा कापूस. जंगल मी फक्त टीव्हीवर पाहिलेलं. "सर, आमच्याकडं जंगल न्हाई. गायरान हाय." तुम्ही पुस्तक मिटून म्हणालात, "मग तू कसला आदिवासी रे?" सगळा वर्ग हसला. पहिल्या बाकावर तुमची मुलगी बसलेली होती.

चाचणीत त्याच कवितेवर प्रश्न आला. पोरांनी गाईडातलं उतरवलं, आदिवासी म्हणजे निसर्गाची भोळी लेकरं. मी मोडक्या इंग्रजीत लिहिलं, की ही बाई भोळी नाही, चिडलेली आहे. गावात कुणाच्या विहिरीवरची मोटार चोरीला गेली की पोलीस आधी आमच्या वस्तीवर येतात, तेव्हा माझी आई अशीच बोलते. तुम्ही ते वर्गात हेल काढून वाचलंत. "बघा, ह्यानं कवितेत पोलीस घुसवले!" आणि पेपर माझ्याकडं भिरकावून म्हणालात, "गाईडातलं लिहीत जा. तुझं कुणी विचारलंय?"

कुणी विचारलंय! अंबाजोगाईच्या कॉलेजात एका पोरानं मला "काय रे जंगली" म्हटलं, तेव्हा मला त्याच्या तोंडातून तुमचाच आवाज ऐकू आला. मी त्याचं नाक फोडलं आणि कॉलेज तिथंच सुटलं. त्या कॉलेजात मी गेलतोच मुळी तुमच्या मुलीपायी, हेही आता ऐका. त्या दिवशी गेटवर ती लई चिडून म्हणाली, "कावून भांडतोस सगळ्यांशी?" मला तिचा हात धरायचा होता, पण माझ्या हाताला त्या पोराचं रक्त होतं.

उद्या मी ते चाचणीतलं उत्तर पाठ म्हणणार आहे, आधी इंग्रजीत, मग आमच्या घरच्या बोलीत. अध्यक्ष चिठ्ठी पाठवतील, माईक बंद करतील, करू देत. माझा आवाज गायरानात वाढलाय, माईकवाचून पोचतो.

काल तिचा फोन आला. "पप्पांबद्दल खरं काय ते बोल, मी थांबवणार न्हाई." मग म्हणाली, "माझंबी सांगणार हायस का?"

मी नाही म्हणालो. हा कागद तुमच्या घरी पाठवता येत नाही, कारण तिथं आता तीच राहते. त्या तासाला सगळ्यात आधी ती हसली होती, सर, आणि मला लागलं ते तिचं हसणं. तेही मी उद्या तिचं नाव न घेता तुमच्यावरच घालणार आहे. तुम्ही मेलेले आहात, आणि तिच्यावर रागवायला मला अजून जमत नाही.