तीन कामांची एकच बंदूक

१२ ऑगस्ट, सोमवार

निर्णय झाला. यापुढे घरात एकच बंदूक. फेझंट पक्ष्यांच्या शिकारीला तीच, बुधवारी क्लबात हवेत उडवलेल्या मातीच्या तबकड्या फोडायला तीच आणि घरात चोर शिरला तर त्यालाही तीच. कपाटातल्या तिन्ही बंदुका बेंट्झच्या दुकानात द्यायच्या आणि बदल्यात एक उत्तम घ्यायची. ज्याच्याकडे तीन असतात त्याचं एकीवरही प्रेम नसतं.

आर्लिसला सांगितलं. म्हणाली, बरं झालं, कपाटात रजया मावतील. एकेचाळीस वर्षांच्या संसारात तिने माझा मुद्दा लगेच धरल्याचं आठवत नाही.

चोराचं म्हणाल तर आमच्या गावात शेवटची चोरी माझ्या मेहुण्याच्या, व्हर्जिलच्या, बर्फ उपसायच्या फावड्याची. ते वसंतात परत आलं. पण गाफील राहून चालत नाही.

१६ ऑगस्ट, शुक्रवार

बेंट्झकडे गेलो. तिन्ही दिल्या, दुनळी आणली. वर-खाली नळ्यांची, इटलीची, दस्ता अक्रोडाचा. लॉयल बेंट्झ म्हणाला, डेल्मर, ही तबकड्यांना छान आहे, पण दिवसभर मक्याच्या शेतात वागवायला जड पडेल. सदुसष्टाव्या वर्षी माझे खांदे कसे आहेत हे त्याला काय माहीत. धान्याच्या कोठारावर तीस वर्षं पोती मोजली आहेत. (मोजली, उचलली नाहीत, पण वजनाचा अंदाज येतो.)

२१ ऑगस्ट, बुधवार

क्लब. पंचविसांतल्या नऊ फुटल्या. दुनळीचा दस्ता अर्धं बोट लांब आहे, त्यामुळे गाल बसत नाही, त्यामुळे नेम वर जातो. शिवाय क्लबवाल्यांनी यंदा तबकड्यांचा रंग बदललाय. पूर्वी भडक नारिंगी असायच्या, आता काहीतरी धुरकट आणल्यात. व्हर्जिल म्हणाला, रंग तोच आहे. व्हर्जिल म्हणजे आर्लिसचा धाकटा भाऊ. माझं सगळं त्याला चुकीचं वाटतं.

त्याने एकवीस फोडल्या. नशीब.

१ सप्टेंबर, रविवार

घराच्या रक्षणाची रंगीत तालीम. चर्चहून आल्यावर ठरवलं की व्हर्जिलने चोर व्हायचं, मागच्या दाराने यायचं, आणि मी झोपण्याच्या खोलीतून बंदूक घेऊन त्याला स्वयंपाकघरातच गाठायचं. बंदूक अर्थातच रिकामी, काडतुसं गॅरेजात. आर्लिसने काडतुसांचा डबा स्वतःच्या हाताने तिकडे नेऊन ठेवला.

योजना बिनचूक होती. घात बंदूक ठेवायच्या तिजोरीने केला. कुलपावरचे आकडे हल्ली इतके बारीक छापतात की कंपनीला लाज वाटली पाहिजे. विजेरी शोधली. विजेरीतल्या बॅटऱ्या मेलेल्या. खिडकीपाशी तिजोरी ओढायचा प्रयत्न केला, पाठ धरली. तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज आला, "दाजी, चोर दुसरा कप कॉफी मागतोय. घाई करू नका."

बाहेर येऊन पाहतो तर आर्लिसने चोरापुढे रुबार्बच्या गोड वड्याही ठेवल्या होत्या. तालमीला कोणी गंभीरपणे घेत नाही, हा आपल्या देशाचा प्रश्न आहे.

तरी एक धडा मिळाला. दुनळी घरात फिरवायला लांब पडते. वळताना दिव्याची काच गेली.

३ सप्टेंबर, मंगळवार

दुनळी परत दिली, बारा बोअरची ऑटोमॅटिक आणली. काळी कुळकुळीत, आखूड नळी. लॉयलने मध्येच विचारलं, "डोळे कधी दाखवलेस रे?" मी म्हणालो, मी बंदूक घ्यायला आलोय, चष्मा नाही. तो पावती लिहायला लागला. गिऱ्हाइकाचं मन राखणं त्याच्या बापाला जमायचं, याला नाही जमत.

४ सप्टेंबर, बुधवार

क्लब. सात. ऑटोमॅटिक काडतूस बाहेर फेकते ते नेमकं शेजारच्या माणसाच्या मानेवर. त्याच्या ओरडण्याने माझं लक्ष जातं. आखूड नळीने लांबचं फुटत नाही हे तर शेंबडं पोरही सांगेल, लॉयलने सांगायला हवं होतं.

(त्याने सांगितलं होतं असं आर्लिसचं म्हणणं. ती गाडीत बसली होती, तिला काय ऐकू येणार.)

येताना गाडी तिने चालवली. संध्याकाळची तिला चालवायला आवडते, म्हणून हल्ली मी देतो.

१५ सप्टेंबर, रविवार

जेवायला आमची मुलगी कारिन आणि जावई टोबिन आले होते. टोबिन स्यू फॉल्सच्या बँकेत आहे. शहरातला, पण मुलगा गुणी. यंदा पहिल्यांदाच आमच्याबरोबर हंगामाच्या पहिल्या दिवशी रांगेत चालणार. सुरक्षेचा वर्ग केला, परवाना काढला, नारिंगी जाकीट घेतलं. मला म्हणाला, "मला नर-मादी पटकन कळत नाही. तुम्ही ओरडाल तेव्हाच मी बार काढीन."

छाती भरून आली. गेली अकरा वर्षं आमच्या घराण्याच्या रांगेचा कप्तान मी आहे. सासरे गेले तेव्हा मान माझ्याकडे आला. सगळे मक्यात पंधरा-वीस पावलांचं अंतर ठेवून चालतात, कुत्रे पुढे, पक्षी उठला की मी ओरडतो, "कोंबडा!" किंवा "मादी!" कोंबड्यावर बार, मादी सोडून द्यायची. मादी मारली तर कायद्याने दंड, आणि आमच्या घराण्यात त्याहून मोठी शिक्षा. मारणाऱ्याने तो हंगाम आणि पुढचाही रिकाम्या हातांनी चालायचं. सासऱ्यांनी स्वतःच्या सख्ख्या भावाला चालवलं होतं.

व्हर्जिलने जेवता जेवता हळूच विषय काढला. म्हणाला, यंदा दाजींनी शेताच्या टोकाला उभं राहावं, रांग मी धरतो. टोकाला उभं राहणं म्हणजे घडीची खुर्ची घेऊन बसायचं आणि पळत आलेले पक्षी तिथून उठतात ते बघायचं. कंबरेत स्टीलचा सांधा बसवलेल्यांचं काम. मी म्हणालो, खरा कप्तान डोळ्यांनी नाही, कानांनी ओळखतो. कोंबडा उठताना कुकारतो, मादी गप्प उठते. गेला हंगामभर मी कानांवरच सांगितलं आणि एकही चूक नाही.

सगळे एकदम ताटाकडे बघून जेवायला लागले. पटलं असावं.

२८ सप्टेंबर, शनिवार

अखेर सापडली. वीस बोअर, हलकी, धक्का नाही म्हणजे नाहीच. नळी ना लांब ना आखूड. शिकार, क्लब, घर, तिन्हीला एक. लॉयल म्हणाला की दस्ता जरा लहान अंगाच्या माणसाच्या मापाचा आहे. मी म्हणालो, कोट जाड घातला की बरोबर बसेल.

घरी आल्यावर आर्लिसने पुसायला घेतली आणि खांद्याला लावून पाहिली. सहज लावली, जणू ओवनचं दार उघडलं. तिला म्हटलं, तुझ्या हातात खेळणं वाटतं. तिने ती पुन्हा एकदा लावून पाहिली.

९ ऑक्टोबर, बुधवार

क्लबला गेलो नाही. आकाश ढगाळ होतं. ढगाळ असताना नव्या बंदुकीची परीक्षा घेणं तिच्यावर अन्याय आहे.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

उद्या हंगाम उघडतो. आर्लिसने ओवनमध्ये भाजायचं बटाट्यांचं हॉटडिश करून ठेवलंय, कारिनने बिस्किटं. व्हर्जिलचा फोन. म्हणाला, उद्या वारा जोराचा आहे, पुन्हा विचार करा. मी म्हणालो, वारा मला नवीन नाही. फोन ठेवल्यावर चैन पडेना. बंदूक काढली, पुसली, ठेवली, पुन्हा काढली. आर्लिस म्हणाली, आता तिला झोपू दे.

१९ ऑक्टोबर, शनिवार, सकाळी

चर्चमध्ये पॅनकेकची न्याहारी. सगळा गाव शिकारीच्या नारिंगी जाकिटांत. सगळ्यांनी नवी बंदूक हाताळली. मन उगाच अस्वस्थ आहे. भूक नव्हती, तरी चार पॅनकेक खाल्ले.

संध्याकाळी

जे झालं ते नीट लिहायला हवं, म्हणजे वाऱ्याचा भाग लक्षात राहील.

बाराला चालायला लागलो. वारा समोरून, कानात नुसता घूं घूं आवाज. मक्याच्या पहिल्या पट्ट्यात दोन पक्षी उठले, त्यांचं व्हर्जिलने माझ्याआधीच ओरडून सांगितलं. मला राग आला. त्याला म्हणालो, तू रांगेच्या पलीकडच्या टोकाला जा. तो गेला.

मग टोबिनच्या पायाशी एक उठला. सूर्य त्याच्या मागे. मला एक काळा ठिपका दिसला. कुकारला की नाही, वाऱ्यात काही कळलं नाही. सगळी रांग माझ्याकडे बघत होती. मी ओरडलो, "कोंबडा!"

टोबिनचा पहिलाच बार लागला. कुत्र्याने आणून त्याच्या बुटापाशी ठेवला. तपकिरी. शेपूट आखूड. मादी.

टोबिन म्हणाला, "चूक माझी. मी घाईत झाडली." त्याने बंदूक रिकामी केली, नेऊन पिकअपमध्ये ठेवली आणि उरलेला दिवस कुत्र्यांच्या मागे रिकाम्या हातांनी चालला. रस्त्यावर शिकार खात्याचा माणूस होता, त्याला त्याने आपण होऊन मादी दाखवली आणि दंडाची चिठ्ठी घेतली. पहिल्या हंगामात.

मी काही बोललो नाही. सूर्य समोर होता. वारा होता. कायद्याने जबाबदारी बार काढणाऱ्याची असते, हे वर्गात शिकवतात.

आर्लिस भांडी घासत होती. बराच वेळ घासत होती. एकच पातेलं.

२० ऑक्टोबर, रविवार

सकाळपासून घरात येरझाऱ्या. गॅरेजात गेलो, परत आलो. बंदुकीचा दस्ता मोजला. लहानच आहे. पण बंदूक काही ओरडली नव्हती.

दुपारी सगळे जेवायला. टोबिन व्हर्जिलला विचारत होता की पुढच्या वर्षी कुत्रे सांभाळायला तरी येऊ का. मी काटा ठेवला.

"मादी टोबिनने नाही मारली, मी मारली. मला तो पक्षी दिसलाच नव्हता. गेल्या हंगामापासून काही नीट दिसत नाही. सगळं दुधातून बघितल्यासारखं."

लाज वाटली. एवढी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. वाटलं, आता व्हर्जिल चार शब्द सुनावणार. तो उठला, माझ्या ताटात बटाटे वाढले आणि टोबिनला म्हणाला, "शनिवारी बंदूक घेऊन ये. शिक्षा दाजी भोगतील."

आर्लिस म्हणाली, "मंगळवारी नऊला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचंय. वेळ मी ऑगस्टमध्येच घेऊन ठेवली होती. तू कधी बोलतोस याची वाट बघत होते."

२२ ऑक्टोबर, मंगळवार

मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांत. डॉक्टरीणबाई पोरसवदा आहे. तिने विचारलं की एवढे दिवस काही जाणवलं नाही का. मी सांगितलं, मला वाटलं बंदुकीचा दोष आहे. ती हसली नाही. आर्लिस हसली. ऑपरेशन नोव्हेंबरात.

२६ ऑक्टोबर, शनिवार

शेताच्या टोकाला खुर्चीवर बसलो. हातात बंदूक नाही, थर्मास आहे. समोर मक्यातून रांग येत होती. मला नुसता एक नारिंगी पट्टा दिसत होता, त्यात कोण कुठे आहे ते कळत नव्हतं. व्हर्जिलचा आवाज स्पष्ट यायचा. तो चांगला ओरडतो. लिहायला जड जातंय, पण माझ्यापेक्षा चांगला ओरडतो.

वीस बोअर आर्लिसने घेतली होती. घरात पडून गंजेल म्हणाली. त्या बंदुकीचा आवाज बारका, कोरडा, टक् असा, बारा बोअरच्या बारांत ओळखू येतो. तीनदा ऐकला. मग ऐकू आला नाही, कारण दिवसाला तीनच कोंबड्यांची परवानगी असते.

पट्टा जवळ आला आणि त्यातून आर्लिस बाहेर आली. गाल लाल, पिशवी जड. टोबिनच्या पिशवीतही एक होता, तो मला दाखवायला धावत आला. मी हात लावून बघितला. शेपूट लांब. मला फार बरं वाटलं.

संध्याकाळी आर्लिसने क्लबात बुधवारसाठी स्वतःचं नाव नोंदवलं. तिजोरीच्या कुलपाचा आकडाही तिने बदलला, तिला सोपा पडेल असा. म्हणजे शिकार, तबकड्या आणि घर, तिन्ही कामांना एकच बंदूक सापडली.

जेवताना तिला विचारलं, ऑपरेशननंतर कधीतरी मला ती बंदूक चालवायला देशील का.

म्हणाली, डॉक्टरांना विचारून सांगते.