चौकटीला लावलेला हात

१ डिसेंबर
आले एकदाची पनवेलला! खांदा कॉलनीत दोन खोल्या, तिसरा मजला, बाल्कनीत कपडे वाळतील एवढं ऊन. आणखी काय पाहिजे? आई ठाण्याहून सोबत आली. सामान सोडायच्या आधी तिनं सुतार शोधून चौकटीवर मेजुझा बसवून घेतला. शेजारच्या समृद्धीताईंनी विचारलं, तर आईनं कौतुकानं सांगितलं की आम्ही बेने इस्राएल, या पितळी नळीत देवाचं वचन असतं, येता-जाता तिला बोटं लावून ओठांना टेकवायची. मग त्यांच्याशी हातबोशीही केली. म्हणजे समोरच्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घ्यायचा आणि मग आपली बोटं ओठांना लावायची. समृद्धीताई आधी गोंधळल्या, मग त्यांनीही तसंच केलं. आई भेटेल त्याच्याशी हातबोशी करते, भाजीवालाही सुटत नाही.

रात्री एलाददादाचा इस्राएलहून फोन. पनवेलला काय ठेवलंय, म्हणाला. म्हटलं, नोकरी ठेवलीये, मला हवी तशी.

४ डिसेंबर
प्रयोगशाळा तळोज्याच्या बाजूला आहे. वारा फिरला की कारखान्यांचा वास येतो, बाकी छान. काम असं: सरडे, साप, बेडूक, जे काही स्पिरिटच्या बरण्यांत जपून ठेवलंय, ते स्पंजमध्ये गुंडाळून छोट्या काचेच्या बरणीत बसवायचं आणि सीटी स्कॅनच्या यंत्रात एका चकतीवर उभं करायचं. चकती हळूहळू फिरते आणि चीरफाड न करता आतलं हाडन् हाड चित्रांत उतरतं. मग मी संगणकावर एकेक चित्र घेऊन हाडं रंगवते. हाड नेमकं कुठं संपतं ते यंत्राला कळत नाही, हाताला कळतं, असं मोनाली मॅडम म्हणतात. मुलाखतीत माझा हात बघूनच त्यांनी मला घेतलं. या हातावर माझं पोट आहे आणि मला त्याचा अभिमानही आहे.

एक गंमत. स्कॅनच्या खोलीचं शिशाचं जाड दार उघडताना मी सवयीनं चौकटीला बोटं लावून ओठांना टेकवली. सफाईवाल्या गंगाबाईंनी बघितलं. “आत तुमचा देव हाय का काय?” म्हणाल्या. दोघी खूप हसलो. पण सवय काही जात नाही, दर वेळी हात जातोच.

९ डिसेंबर
मॅडमचं लाडकं देवगांडूळ आलं. ते गांडूळ नाही आणि सापही नाही, बेडकाचं बिनपायाचं भावंड म्हणायचं. कोन गावातल्या एका शेताच्या बांधात सापडलं होतं, आता तिथं इमारती आहेत. याच्या पूर्वजांना पाय होते, मातीत राहून राहून गेले. कुठं काही खूण उरलीये का, हे मॅडमना बघायचंय.

पहिला स्कॅन वाया गेला. गळ्याजवळ कडा दुहेरी आल्या. मॅडम म्हणाल्या, बांधणी सैल होती, मेलेलं काही आपणहून हलत नाही. बरोबरच आहे. मी पुन्हा घट्ट बांधलं.

१२ डिसेंबर
पुन्हा दुहेरी. त्याच जागी.

उजव्या करंगळीला मुंग्या आल्यात. माउस जास्त चालवला असेल.

१७ डिसेंबर
आज स्कॅन स्वच्छ आला. गळ्याच्या उजव्या अंगाला साबुदाण्याएवढ्या हाडांची एक ओळ. मॅडम आनंदानं खुर्चीतून उठल्याच. पायाची खूण! जगात कुणाला मिळाली नाही, म्हणाल्या. मला पेढा भरवला.

करंगळी पूर्ण बधिर. चहाचा कप लागला तरी कळलं नाही, फोड आला तेव्हा कळलं.

२३ डिसेंबर
मॅडम आता रोज स्कॅन करायला सांगतात आणि रोज जास्त हाडं दिसतात. मी रंगवते. बेडकाच्या पुढच्या पायाला बोटं चार असतात. ही पाच आहेत.

सर्वांत धाकटं वाकडं आहे. मोडून पुन्हा जुळलेलं. शाळेत माझी करंगळी दारात सापडली होती, तेव्हापासून ती अशीच वाकडी आहे.

मॅडमना हे सांगितलं नाही. काय सांगणार?

२६ डिसेंबर
बधिरपणा शेजारच्या बोटांत सरकला. डॉक्टरांनी हाताचा एक्स-रे काढायला लावला. बोटांच्या कडा दुहेरी आल्या. तिथला माणूस वैतागला, हात हलवू नका म्हणाला. मी हलवला नव्हता. पुन्हा काढला, पुन्हा तेच. शेवटी बी-ट्वेल्वच्या गोळ्या दिल्या.

भीती वाटायला हवी. वाटत नाही. बोटांबरोबर तीही गेली बहुतेक. जेवते, झोपते, रंगवते.

३० डिसेंबर
चारही बोटं बधिर. अंगठा उरलाय. डाव्या हातानं लिहितेय, अक्षर घाण येतंय.

आज कळलं. घरी चौकटीला हात लावतो कारण आत कुणाचं नाव आहे ते माहीत असतं. इथं मी रोज एका दाराला मान देत राहिले, आत कोण ते न विचारता.

आज हात लावला नाही. खिशात घट्ट धरून आत गेले. चकतीवरची बरणी माझ्याकडं तोंड करून —
नाही. बरणीला कुठली बाजू असते?

३१ डिसेंबर
राजीनामा दिला. मॅडम चिडल्या, मग रडल्या. आई न्यायला येतेय. ठाण्याला जायचं. दादाकडं जायचं, कुठंही. अंगठाही गेला.

१ जानेवारी
बोटांना परत कळायला लागलं!

पण चादर कळत नाही, पाणी कळत नाही. हात उशीवर आहे आणि बोटांना काच लागतेय. थंड, गोल, आतून. ओली.

२ जानेवारी, दुपार
मॅडमचा फोन. बरणीचं झाकण उघडं आहे, नमुना तू नेलास का, विचारत होत्या. नाही म्हटलं.

काच संपली. बोटांना आता माती लागतेय. मग डांबर. मग पुन्हा माती.

संध्याकाळ
आई आलीये. शुक्रवार ना, शब्बाथचे, आमच्या विसाव्याच्या पवित्र दिवसाचे दिवे लावतेय. उद्या शब्बाथ संपला की निघायचं. तिला काही सांगितलं नाही, माझ्या हाताकडं बघून ती नुसती —

पायऱ्या. थंड फरशी, कड, पुन्हा फरशी.

लाकूड. चौकट.

पितळ. आमची नळी. बोटं तिच्यावरून फिरली. मग ओठ लागले. गार. माझे नाहीत —

आई दाराच्या जाळीतून बघून म्हणाली, कुणीतरी मेजुझाला हात लावला, म्हणजे आपल्यातलंच आहे. शब्बाथला आलेल्याला बाहेर उभं ठेवू नये —

ओरडतेय. आवाज निघत नाही —

कडी काढली.

बोटांना ऊब. दोन्ही बाजूंनी. ही पकड मी ओळखते. आई हातबोशी क