तुई हटमध्ये साक्षीदार मिळेपर्यंत

मी, ग्वेनिथ लॅडलो, वय सत्त्याहत्तर, निवृत्त टपाल कर्मचारी, राहणार मर्चिसन, न्यूझीलंड, पूर्ण शुद्धीवर, कोणाच्याही दडपणाविना, डावा गुडघा सोडून बाकी सर्व ठणठणीत असताना, नदीला पूर आल्याने डोंगरातल्या तुई हटमध्ये, म्हणजे भटक्यांच्या मुक्कामाच्या खोपटात, अडकून हे मृत्युपत्र लिहून ठेवते ते असे:

१. माझी कुऱ्हाड या हटला. मी फोडून ठेवलेलं सगळं जळण संपवून हटच्या नोंदवहीत नुसतं "छान ऊब मिळाली" लिहून गेलेल्या इसमाने ती लांबूनच पाहावी.

२. तंबू भाचा ड्युगल यास. "एकटी कशाला भटकतेस?" असं तो दर नाताळात विचारतो. तंबू एकट्यापुरताच आहे. बायकोशी वाजल्यावर उपयोगी पडेल.

३. राहते घर आमच्याच गावचा भटक्या अर्नी टॉपलिस यास. तेवीस वर्षांपूर्वी याची बडबड चुकवायला मी हटच्या वहीत पुढचा मुक्काम खोटा लिहिला. मी परतले नाही म्हणून अख्खं गाव दोन दिवस मला भलत्याच दरीत शोधत होतं. अर्नी एकटा उलट्या बाजूला आला. मी चहा पीत होते. "थापाडे! मला टाळायला तू चढाचीच वाट घेणार, माहीत होतं मला," म्हणाला, आणि माझाच चहा प्यायला. मला इतकं कोणीच ओळखत नाही.
अट: वाटेवरच्या प्रत्येक एकट्याला आंघोळीला गरम पाणी द्यावे. गप्पा मारू नयेत.

४. साक्षीदार दोन हवेत आणि त्यांना लाभ नको. हटमध्ये अर्नी आणि झेक विद्यार्थिनी बोझेना, एवढेच. अर्नी म्हणाला, "घर राहू दे गं. आण पेन, मी करतो सही." मी म्हटलं, "गप बस." खाली उतरले की मी पुन्हा शहाणी होईन, म्हणून हे इथेच उरकायचं होतं. हट रिकामी असू दे म्हणत चाळीस वर्षं चालले आणि आता तीन दिवस दारात उभी राहून माणसाची वाट पाहिली. आज खिंडीतून पाउला रिंगलँड नावाची एकटी भटकणारी बाई आली. आत तिघं बघून तिचा चेहरा पडला. मी तिला मिठीच मारली. सही होईपर्यंत सूप मात्र दिलेलं नाही, लाभ ठरायचा.

५. उद्या पाणी ओसरलं तर अर्ध्या अर्ध्या तासाने, आपापले निघू. अर्नीने बजावलंय, "नदीपाशी थांबायचं. एकटी पाण्यात उतरलीस तर तुझं घर मी घेणार नाही."
मी थांबेन.

सही: ग्वेनिथ लॅडलो
साक्षीदार: १. बोझेना हाव्हरान्कोव्हा २. पाउला रिंगलँड (उपाशी)
स्थळ: तुई हट, खिडकीजवळचा बाक
दिनांक: ९ मार्च, पावसाचा चौथा दिवस