कान तुटका कप व इतर मिळकत

मी, मोरेश्वर बाबाजी चौलकर, वय वर्षे एकोणपन्नास, धंदा शाळामास्तरकी व एका साप्ताहिकातून लोकांची टिंगल, राहणार रेवदंडा, तालुका अलिबाग, जिल्हा कुलाबा, पूर्ण शुद्धीत लिहून ठेवतो की, गेले दोन महिने मला माझ्याच घरात कान तुटलेल्या कपातून चहा दिला जात आहे. सहा कपांचा संच मी स्वतः विकत आणलेला असल्याने हा अन्याय कागदावर यावा.

कप वेगळा काढण्याची सूचना धाकटे बंधू शिवदास यांची. माझ्या जिभेला कर्करोग झाला आहे. तो उष्ट्यातून पसरतो, अशी त्यांची समजूत. डॉक्टर म्हणाले, पसरत नाही. पण शिवदास डॉक्टरांहून जास्त शिकलेले. सबब तो कप माझ्यामागे त्यांस द्यावा. बाकीचे पाच देऊ नयेत.

राहते घर, परसातले सात माड व पोस्टातील शिल्लक पत्नी वेणूबाई हिची. कोणी हरकत घेतल्यास त्याच्यावरचे माझे न छापलेले लेख छापावेत.

राहिली भीती. ती मात्र माझी स्वकष्टार्जित. दुपारी जेवणे आटोपून घर निवांत झाले की येऊन बसते. जीभ जाईल, मग मी कशाने बोलू, कोणाला हाक मारू? भेटीला येणारे "तोंडावर तेज आलंय" म्हणतात आणि उंबऱ्यावरूनच परततात. घरात माझ्यासमोर रोगाचे नाव कोणी घेत नाही; वेणूबाई "उष्णता आहे" म्हणते, मी मान डोलावतो.

विचारले एकटीने. दारावर मासळी घेऊन येणारी आवडाबाई कोळीण. तिचा नवरा दादू सहा वर्षांपूर्वी याच रोगाने गेला. पाटी उतरवून म्हणाली, "मास्तर, भ्या वाटतंय न्हवं?"

"छे."

"दादू बी न्हायच म्हनायचा. मी बी पुन्ना इचारलं न्हाय. आता इचारावंसं वाटतं, तर हाय कुठं तो?"

ती गेल्यावर मी वेणूबाईस हाक मारली व रोगाचे नाव घेतले.

"ठाऊक आहे मला. डॉक्टरांनी आधी मलाच सांगितलं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही घाबराल म्हणून."

"घाबरलोच आहे."

"मीही," ती म्हणाली, आणि दोन महिन्यांत प्रथमच माझ्यासमोर रडली. सबब तिला माझ्यासमोर रडण्यास व मला तिच्यासमोर घाबरण्यास यापुढे कोणी मनाई करू नये. तेजवाल्यांस दारातूनच वाटेला लावावे.

आवडाबाईस काही ठेवले असते. पण ती या मृत्युपत्राची साक्षीदार, साक्षीदाराच्या नावे काही ठेवता येत नाही. शिवाय तिचे देणे वेगळे आहे. दादूला पाहायला गेलो तेव्हा तिने दिलेला चहा, तिची पाठ वळताच, मी वाळूत ओतला होता. त्या दिवशी मीही डॉक्टरांहून जास्त शिकलेला होतो. काल तिला हे कबूल केले.

"बगितलं व्हतं मी," ती म्हणाली. "म्हटलं, मास्तरांपरीस वाळूला तहान जास्त."

मुक्काम रेवदंडा, तारीख १४ नोव्हेंबर १९३६.

सही: मोरेश्वर बाबाजी चौलकर

साक्षीदार: आवडाबाई दादू कोळी, निशाणी डाव्या हाताचा अंगठा.
साक्षीदार: रामचंद्र गोविंद थळकर, पोस्टमास्तर, सही. (लेखणी स्वतःची आणली.)

ताजा कलम: सह्या झाल्यावर वेणूबाईसह कोळीवाड्यात गेलो. आवडाबाईच्या ओट्यावर बसून एक कप चहा घेतला. गिळायला पाऊण तास लागला. कप रिकामा करून परत दिला.