रेकॉर्डची वाटी

बाबा,

तुमच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे कुठे माझा आवाज मऊ पडल्यासारखा वाटला तर भलती समजूत करून घेऊ नका. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की भिंतीवरच्या फोटोतला माणूस आता माझ्यापेक्षा तरुण दिसतो. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. तुम्ही जिवंत होतात तेव्हा बापाला उलटून बोलू नये म्हणत. मग माणसानं बोलायचं तरी कधी? म्हणून आज लिहायला बसले आहे.

खामगावला कापसाच्या बाजाराच्या तोंडाशी तुमचं लाउडस्पीकरचं दुकान होतं. महाराष्ट्र राज्य नवं नवं झालेलं, रोज कुठे ना कुठे सभा, उद्घाटन, जयंती, आणि लग्नसराईत तर विचारूच नका; तुमचे भोंगे बैलगाडीत बसून पंचक्रोशी फिरून यायचे. दुकानात तुमचा एक नियम होता. नवी रेकॉर्ड आली की ती आधी छतावरच्या भोंग्यावर लावायची आणि बाजाराला ऐकवायची. तुम्ही मशीनकडे पाठ करून, हात मागे बांधून दारात उभे राहायचात आणि लोकांच्या तोंडाकडे बघायचात. गाडीवानांनी माना वर केल्या, समोरच्या चहावाल्यानं कप विसळता विसळता ठेका धरला, की रेकॉर्ड पास. नाही तर नापास. आणि नापास झालेली रेकॉर्ड तुम्ही उकळत्या पाण्यात बुडवायचात, मऊ पडली की पालथ्या पेल्यावर दाबून तिची वाटी करायचात. काठाला चुण्या पडलेली काळी चकचकीत वाटी. लोक मागून न्यायचे, तुमच्या हाताचं कौतुक करायचे, आणि तुम्ही खुलायचात. आमच्या घरात खिळे, बटणं, सुया, लसूण, सगळं गाण्यांच्या वाट्यांत असायचं. ती वाटी आधी कोणतं गाणं होती हे कुणी विचारत नसे.

मी विचारायची. मनातल्या मनात.

तुम्ही खेड्यावर भोंगे बांधायला गेलात की दुपारी दुकान माझ्याकडे असायचं. मी शटर अर्धं ओढून घ्यायची आणि रेडिओची सुई हळूहळू फिरवायची. खरखरीच्या पलीकडे कुठून तरी ती गाणी यायची. चार पोरं, दोन-तीन गिटारी, एक ड्रम. त्यात नट नव्हता, नटी नव्हती, पन्नास व्हायोलिनं नव्हती. शब्द त्यांचेच, चाल त्यांचीच, चुकाही त्यांच्याच. इंग्रजी मला अर्धंमुर्धं कळायचं. पण आपल्याच वयाची कुणी पोरं एका खोलीत बसून काहीतरी नवं करतायत, आणि ते कुणी सांगितलं म्हणून करत नाहीत, एवढं बरोबर कळायचं. अंगावर काटा यायचा, बाबा. खरंच यायचा. आत्याचा मुलगा मुंबईला कॉलेजात अशाच एका बँडमध्ये गिटार वाजवतो आणि गातो हे समजलं तेव्हा मला आठवडाभर नीट जेवण गेलं नव्हतं.

दिवाळीत तो गिटार घेऊन आला होता, आठवतं? दुकानाच्या ओट्यावर बसून वाजवत होता. तुम्ही वायरी गुंडाळता गुंडाळता म्हणालात, "भोंग्याबिगर हे तुनतुनं कोनाले आयकू येते बे?"

तो बिचारा हसून म्हणाला, "मामा, हे खोलीत बसून ऐकायचं असतं."

"खोलीत तं उंदरंबी वाजवतेत," तुम्ही म्हणालात. ओट्यावरचे सगळे हसले. त्यानं गिटार पिशवीत घातली ती जाईपर्यंत काढली नाही.

पण मला त्यानं एक वाट करून दिली. त्याच्या ओळखीतल्या कुठल्याही बँडनं नवी रेकॉर्ड काढली की तो ती येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर माझ्याकडे पाठवायचा. त्या पोरांना मोठ्या कंपन्या दारात उभं करत नसत. ती आपसांत वर्गणी काढून थोड्याशा रेकॉर्डी पाडून घ्यायची. मी दुपारी लहान पेटीच्या स्पीकरवर ती लावायची, एक बाजू, मग दुसरी बाजू, मग परत पहिली. आणि मग त्याला लांबलचक लिहायची: इथे गाणारा घाबरला, इथे गिटार बोलते, हे कडवं नसतं तरी चाललं असतं. तो ते मित्रांना वाचून दाखवायचा. ती पोरं नवी रेकॉर्ड हातात आली की विचारायची म्हणे, "खामगावची बाई काय म्हणते?" सतरा-अठरा वर्षांची होते मी. घरात भाजीला मीठ किती टाकू हेसुद्धा मला कुणी विचारत नव्हतं. आणि तिकडे मुंबईत चार जण माझ्या मताची वाट बघत होते.

मग त्यांच्या स्वतःच्या बँडची पहिली रेकॉर्ड झाली. लेबल छापायचं राहिलं होतं. दोन बाजूंना दोन गाणी, त्यातलं कोणतं पुढे ठेवायचं यावर पोरांचं जमेना. तेव्हा हा आतेभाऊ म्हणाला, खामगावला पाठवू, ती सांगेल ते गाणं पुढे. कोऱ्या पांढऱ्या लेबलवर त्यानं शाईनं एकीकडे १ आणि दुसरीकडे २ लिहिलं आणि पार्सल केलं. जलंबहून येणाऱ्या गाडीनं ते खामगावला आलं. स्टेशनावरच्या हमालानं ते दुकानात आणून दिलं, तुमच्या हातात.

मी घरी भाकरी थापतेय. तव्यावरची भाकरी फुगायला आलीय आणि अचानक छपरांवरून भावाचा आवाज येतो. भोंग्यातून. मला क्षणभर वाटतं, भास झाला. मग कळतं, आणि मी पिठाच्या हातांनी तशीच धावत सुटते. बाजारात पोचते तेव्हा लोक कानांवर हात ठेवून हसतायत. गाडीवान ओरडतोय, "बंद करा हो, बैलं बिचकून राह्यले!" चहावाला किटली हातात घेऊनच बाहेर येतो आणि विचारतो, "मालक, भोंगा फाटला काय तुमचा?"

तिथेच तुमचा चेहरा बदलला. मी पाहिलं ना. गाण्यानं तुमचं काही बिघडलं नव्हतं. तुमच्या भोंग्याला कुणी नावं ठेवली होती, तेही भर बाजारात. तुम्ही आत आलात आणि गाणं अर्ध्यात असताना सुई उचललीत.

"ढोलवाल्याले ठेका सांभाळता येत नाई, अन् चालले रिकार्डी काढाले," तुम्ही म्हणालात.

मी म्हटलं, "बाबा, माझी आहे ती. मले पाठवली. निदान दुसरी बाजू लावा."

"काऊन?"

"मले सांगायचं आहे त्याईले. कोनती चांगली ते."

"एका शितावरून भाताची परीक्षा होते."

"भाताची होते. रेकॉर्डले दोन बाजू असतेत."

लोक ऐकत होते. पोरीनं बापाला भर बाजारात उत्तर दिलं होतं. तुम्ही चहावाल्याकडून उकळतं पाणी मागवलंत, पसरट भांड्यात ओतलंत आणि माझ्यादेखत ती रेकॉर्ड त्यात सोडलीत. ती किती पटकन वाकली, बाबा. तुम्ही तिला पेल्यावर दाबलंत, चुण्या सारख्या केल्यात, कारण कामात हयगय तुम्हाला खपत नसे. मग फडक्यानं पुसून माझ्या हातात दिलीत. "घे. लसूण ठेव," म्हणालात. कुणीतरी वाहवा केली.

आई म्हणाली, "काऊन रडून राह्यली वं? वाटी तं चांगली झाली." तिचंही बरोबरच होतं. तिनं त्यात खरंच लसूण ठेवला. वाटीच्या आत तळाशी १ दिसायचा. २ खाली, जमिनीकडे तोंड करून.

एक गोष्ट मी तुम्हाला कधीच माफ करणार नाही, आणि ती वाटी नव्हे. तुम्हाला माहीत होतं. भोंगा खालचा सूर खातो, बारीक गिटार खातो, फक्त मधला आवाज दूर फेकतो, हे मला तुम्हीच शिकवलं होतंत. लग्नासाठी रेकॉर्डी निवडताना तुम्ही तेच तर बघायचात. खोलीत ऐकायचं गाणं भोंग्यावर चढवलं तर त्याचं काय होईल हे अख्ख्या खामगावात एकट्या तुम्हाला कळत होतं. तरी तुम्ही बाजाराला पंच केलंत आणि निकाल लावून मोकळे झालात.

मी भावाला काहीच कळवलं नाही. काय कळवणार? पोरांनी थोडे दिवस वाट पाहिली आणि १ पुढे ठेवलं. रेकॉर्ड फारशी खपली नाही, कॉलेज संपलं, बँड मोडला, तो बँकेत चिकटला. पुढे एका लग्नात भेटला तेव्हा मी सगळं सांगितलं. तो पोट धरून हसला. त्याच्याकडेही एक रेकॉर्ड उरली नव्हती, घर बदलताना गेली. म्हणाला, "दुसरं गाणं गुणगुणून दाखवू का?" मी एकदम नको म्हटलं. त्याला नवल वाटलं. मलाही वाटलं.

आणि मग तुमचं ते मशीन. मला चिखलीला शाळेत नोकरी लागली, खोली घेतली, आणि एका रविवारी तुम्ही दारात उभे. दुकानातलं रेकॉर्ड वाजवायचं मशीन गोधडीत गुंडाळून, एसटीत मांडीवर घेऊन आला होतात. घामाघूम. "दुकानात नवं आलं. हे पडून होतं," म्हणालात, चहा घेतलात, आणि परतीची गाडी पकडायला निघालात. एक शब्द बोलायचा होता, बाबा. खिशातून आणता आला असता. त्याऐवजी एवढं धूड वाहून आणलंत. मी ते पुष्कळ वर्षं वापरलं. त्याचा अर्थ काढू नका; मशीन चांगलं होतं.

त्यावर मी काय काय ऐकलं म्हणून सांगू! पगारातून घेतलेल्या रेकॉर्डी; पुढे दुसऱ्या मशीनांवर कॅसेटी, नंतर सीड्या. ज्यांचं नाव दुकानदारालाही घेता येत नव्हतं अशा पोरांच्या. आता फोनवर ऐकते. शिलाँगची कुणी पोरं, नाशिकच्या तीन पोरी, कुणी एकटाच घरात बसून सगळी वाद्यं वाजवणारा. नवं काही आलं की नात कळवते, आणि मी दार लावून, हातातलं काम ठेवून, पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकते. एकही गाणं मधे तोडत नाही. मग त्यांना लिहिते. परवा त्या नाशिकच्या पोरींना लिहिलं की तिसऱ्या गाण्यात घाई झाली, पण शेवटच्या गाण्यानं माझी संध्याकाळ सोन्याची केली. त्यांनी उलट लिहिलं, आजी, तुम्ही कोण आहात? मी लिहिलं, खामगावची बाई.

भाऊ गेल्या वर्षी गेला. त्याच्या मुलीनं कुठल्याशा जुन्या रेकॉर्डी जमवणाऱ्याकडून त्यांची ती रेकॉर्ड शोधून काढली आणि दोन्ही गाणी मला फोनवर पाठवली. पहिलं मी लगेच ऐकलं. जिथे तुम्ही सुई उचलली होतीत ती जागा आली, आणि गाणं आपलं पुढे गेलं. गिटार सुरेख आहे. खोलीत ऐकायचीच आहे. पण ड्रमवाल्याला ठेका सांभाळता येत नाही. दुसऱ्या कडव्यापासून जो मागे पडतो तो शेवटपर्यंत. तुमचं बरोबर होतं. झालं समाधान? हे मी तुमच्या तोंडावर कधीच म्हटलं नसतं.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच. घडी करून वाटीखाली ठेवणार आहे. वाटी अजून आहे, लसणाचा वास काही जात नाही तिचा.

दुसरं गाणं महिनाभर फोनमध्ये पडून आहे. मी ते लावलेलं नाही. तीन-चारदा दार लावून बसले, चष्मा पुसला, आणि उठून भाजी निवडायला घेतली. नात विचारते, आजी, काऊन नाई आयकत? तिला काय सांगू? ते गाणं चांगलं निघो नाही तर वाईट, एकदा ऐकलं की दुसरी बाजू राहून गेली ही माझी तक्रार मिटली, मग तुमच्याशी भांडायला माझ्याकडे काही उरणार नाही. आणि ते भांडण, ती वाटी नि ते मशीन सोडलं, तर तुमचं माझ्याकडे दुसरं काही नाही, बाबा.