बाईंची सही

१९ ऑगस्ट, सोमवार
सीपीएच्या, म्हणजे अकाउंटंटच्या, परीक्षेचे चारही पेपर केव्हाच पास झालो. आता लायसन्स आणि माझ्यामध्ये फक्त अर्डिथबाईंची सही उभी आहे. राज्याचा नियम असा: लायसन्स असलेल्या अकाउंटंटच्या हाताखाली दोन वर्षं काम करायचं आणि त्यानेच ते फॉर्मवर प्रमाणित करायचं. आमच्या गावात असा अकाउंटंट एकच, आणि तो म्हणजे बाई. दोन वर्षं १५ ऑक्टोबरला भरतात.
संकल्प: तोवर बाईंशी गोड राहायचं. फक्त सत्तावन्न दिवस.

२० ऑगस्ट
माझं काम परत आलं. हिरव्या पेन्सिलीच्या चौदा खुणा, त्यातल्या तीन स्वल्पविरामांवर. वर म्हणाल्या, काय रे विद्यार्थी, शेचाळिसाव्या वर्षीच डोळे गेले वाटतं? मी गोड हसलो. घरी बायकोला, रोंडाला, ते हसू करून दाखवलं. ती म्हणाली, पुन्हा करू नकोस, कुत्रा घाबरला.

२८ ऑगस्ट, बुधवार
दुपारी चिली, म्हणजे खिमा-राजम्याचं कालवण, आणि सोबत दालचिनीचा गोड रोल. बाई खुशीत दिसल्या म्हणून विचारलं, सही दोन आठवडे आधी मिळेल का? म्हणाल्या, चोवीस महिने म्हणजे चोवीस महिने. तुझ्या घाईपायी माझं लायसन्स धोक्यात घालू होय रे? आणि माझा रोल उचलून स्वतःच्या चिलीत बुडवला.
हे वैर आहे. मी शब्द तोलून वापरतो.
ओमाहाहून पितळी पाटी आली. 'लेलँड कुबिक, सीपीए'. लायसन्स हाती येण्याआधी ही तीन अक्षरं नावापुढे लावणं नियमाविरुद्ध. पण पाटी डिकीत आहे, टॉवेलमध्ये गुंडाळलेली. तरी मनाला लागून राहिलं. खाली जाऊन ती पालथी ठेवली.

५ सप्टेंबर
अकाउंटंटांना लायसन्स देणाऱ्या राज्य मंडळाच्या वेबसाइटवर सहज बाईंचं नाव टाकलं. निव्वळ सहज. लायसन्सची मुदत संपलेली! गेल्या वर्षीच्या ३० जूनला! नूतनीकरणासाठी लागणारे नीतिमत्तेच्या कोर्सचे चार तास बाईंनी केलेलेच नाहीत. नीतिमत्तेचे!
म्हणजे सव्वा वर्ष ही बाई विनालायसन्स माझं काम तपासत होती. माझ्या स्वल्पविरामांवर खुणा करत होती!
पान तीनदा उघडून पाहिलं. तिन्ही वेळा आनंद झाला. म्हणजे, खेद झाला.

६ सप्टेंबर, सकाळ
स्वतःला प्रामाणिकपणे विचारलं: हा सूड आहे का? सुडाने माणसाची भूक मरते. मी आत्ताच दोन ऑम्लेटं खाल्ली. तेव्हा हे कर्तव्य आहे.
रोंडा म्हणते, सरळ जाऊन सांग ना त्यांना, राहून गेलं असेल बिचारीचं. मी म्हणालो, तत्त्वाचा प्रश्न आहे. ती म्हणाली, तत्त्व गेलं चुलीत, तुझी सही अडकलीय तिच्याकडे. रोंडाला या व्यवसायाची जाण नाही.

९ सप्टेंबर, सोमवार
मंडळाकडे तक्रार रवाना. खाली 'एक जागरूक नागरिक'. निनावी लिहिणं भेकडपणाचं का, यावर तासभर विचार केला. 'जागरूक' हा शब्द घातल्यावर ते तसं वाटत नाही.
तक्रार दीड पान, अनुक्रमणिका एक पान, परिशिष्टं पाच. परिशिष्ट इ: बाई विनालायसन्स असलेल्या प्रत्येक महिन्याचा तारीखवार तक्ता. इतका देखणा तक्ता मी आयुष्यात केला नव्हता. कोणाला दाखवता येत नाही, एवढंच दुःख.

२४ सप्टेंबर
बाईंना मंडळाचं पत्र आलं. मोठ्याने म्हणाल्या, अगं बाई, ते चार तास! गुडघ्याच्या ऑपरेशनच्या गडबडीत राहूनच गेले की! आणि हसल्या. निर्लज्जपणाचीही काही मर्यादा असते.
मी सहानुभूतीचा चेहरा केला. तो हसण्यापेक्षा बरा जमला असावा.
पुढचं सगळं आखून ठेवलंय. बाईंना दंड, बाईंची नाचक्की, लायसन्स परत, मग नरमलेल्या बाईंची १५ तारखेला सही, दुपारी पाटी.

११ ऑक्टोबर
बाईंनी कोर्स केला, दंड भरला, लायसन्स परत मिळालं. ऑफिसात केक. कापायला मलाच लावला. याला शिक्षा म्हणतात?
असो. चार दिवस राहिले. पाटीसाठी स्क्रू आणले.

१४ ऑक्टोबर, सोमवार
फॉर्म कुठे पाठवायचा हे विचारायला मंडळाला फोन केला. तिथली मुलगी फार गोड बोलली. म्हणाली, अहो कुबिक, देखरेख करणाऱ्याचं लायसन्स त्या सगळ्या काळात चालू असावं लागतं. बाईंचं बंद होतं ते महिने तुमच्या अनुभवात धरता येणार नाहीत.
मी विचारलं, नेमके किती?
म्हणाली, थांबा हं, आमच्याकडे याचा फार सुंदर तक्ता आलाय. हां. त्यापुढचा महिना धरून साडेपंधरा.

१५ ऑक्टोबर, मंगळवार
बाईंनी आत बोलावलं. टेबलावर माझी तक्रार. ज्याच्याविरुद्ध तक्रार असते त्याला तिची प्रत मिळते. हा नियम मी वाचलेला होता.
म्हणाल्या, बस रे बाबा. दीड पानाच्या पत्राला अनुक्रमणिका जोडणारा माणूस या जिल्ह्यात एकच आहे.
मी विचारलं, कोण?
बाईंनी तक्रार फाइलमध्ये घातली. म्हणाल्या, फॉर्ममध्ये अर्जदाराच्या सचोटीचाही एक रकाना असतो. त्यात काय लिहायचं, यावर मला आता साडेपंधरा महिने विचार करता येईल. जा, कामाला लाग. आणि फाइल माझ्याकडे सरकवली.
जागेवर येऊन उघडली. सवयीने बाईंनी पानन् पान तपासलं होतं. हिरवी खूण एकही नाही. दोन वर्षांत पहिल्यांदा. फक्त परिशिष्ट इच्या खाली, बारीक अक्षरात: उत्तम काम.
खोटं कशाला लिहू, बरं वाटलं.